मागचं चाक जमिनीवर राहिलं पाहिजे

बुलढाणा जिल्ह्यात जोरकस इंजिनाची गाडी चालवणाऱ्याला एकाच दिवसात तीन जातींचे रस्ते भेटतात. मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढलं की सहा पदरी काँक्रीट आणि कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. खाली उतरून गावाकडच्या रस्त्याला लागलं की काळ्या मातीवर टाकलेलं डांबर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटा घेत जातो. बुलढाणा शहरातून मलकापूरकडे निघालं की राजूर घाटाची उतरती वळणं. अशा जिल्ह्यात राहून गाडीला मागे कॉइलओव्हर बसवायचे, तर ते या तिघांपैकी कोणत्या रस्त्याच्या मापाने लावायचे? जगात या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली गेली आहेत. ती इथल्या रस्त्यांवर ठेवून पाहायला हवीत.

माझं मत आधीच सांगतो. मागच्या बाजूची जुळवणी चाकाच्या वरखाली होण्याच्या वाटेपासून, म्हणजे प्रवासापासून सुरू झाली पाहिजे. स्प्रिंग त्यानंतर, शॉक त्याच्यानंतर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमाने होतं. आधी गाडी किती खाली बसलेली दिसावी हे ठरतं, मग त्या उंचीला चालेल अशी कडक स्प्रिंग येते, आणि शेवटी शॉकचा नॉब फिरवून सगळं निस्तरायचा प्रयत्न होतो.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकच्या नळीभोवतीच बसवलेली स्प्रिंग, आणि नळीवरच्या आट्यांवर खालीवर फिरणारी कॉलर. पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांना मागे खरा कॉइलओव्हर नसतोच. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया घ्या. दीड लिटरच्या इंजिनात १५० पीएस ताकद, पण मागे टॉर्शन बीम: स्प्रिंग एका जागी, शॉक दुसऱ्या जागी. जुन्या पोलोचीही तीच रचना होती. अशा गाडीसाठी कॉइलओव्हर किट म्हणून जे मिळतं त्यात मागच्या बाजूला वेगळी स्प्रिंग, तिच्याखाली उंची बदलणारा कप आणि वेगळा शॉक असतो. हे योग्यच आहे. काही जण हौसेने त्या शॉकवरच स्प्रिंग चढवून ‘खरा’ कॉइलओव्हर करतात, आणि तिथे धोका सुरू होतो. शॉकची वरची पकड फक्त शॉकचा जोर घेण्यासाठी घडवलेली असते. गाडीचं मागचं सगळं वजन तिच्यावर आलं की पत्रा फाटतो. शर्यतीच्या गाडीत तिथे पिंजऱ्याच्या नळ्या जोडून आधार देतात. रोजच्या गाडीत तो आधार नसेल, तर हा बदल करूच नये. मागेही स्ट्रटभोवतीच स्प्रिंग असलेल्या गाडीत हा प्रश्न येत नाही. 

आता प्रवास आणि स्प्रिंग. इथे थोडं गणित करावंच लागतं, पण ते अवघड नाही. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासक्रमात ते असतंच. लागणारा मुख्य आकडा मागच्या ॲक्सलवरच्या वजनाचा, आणि तो मिळवायला शर्यतीचे चार पॅडवाले काटे नकोत. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगमुळे धर्मकाटे आहेतच. पुढे नेहमीची दोन माणसं बसवून फक्त मागची चाकं काट्यावर उभी करायची. समजा काटा ५६० किलो दाखवतो. त्यातून चाकं, ब्रेक आणि बीमचा अर्धा भाग, म्हणजे स्प्रिंगच्या खाली राहणारं सुमारे ८० किलो वजन वजा केलं, की प्रत्येक बाजूच्या स्प्रिंगवर २४० किलो उरतात.

दुसरा आकडा गुणोत्तराचा. टॉर्शन बीमवर स्प्रिंग चाकाच्या थोडी पुढे असते, म्हणून चाक १० मिलिमीटर उचललं तर स्प्रिंग समजा ८ मिलिमीटर दबते. हे ०.८ गुणोत्तर चाकापाशी वर्ग होऊन लागतं. मिलिमीटरला ४० न्यूटनची स्प्रिंग बसवली तरी चाकापाशी तिचा कडकपणा २५.६ च पडतो. २४० किलोंवर हा कडकपणा मागच्या बाजूला सेकंदाला १.६४ हेलकावे देतो. स्प्रिंग दुप्पट, म्हणजे ८० ची केली, तर वारंवारता २.३२ हर्ट्झ होते. दुप्पट होत नाही, फक्त १.४ पट होते, कारण ती कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. साधी प्रवासी गाडी साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या आत असते, जोरकस सडकी गाडी १.५ ते २ च्या दरम्यान, आणि त्यापुढे सर्किटच्या गाड्या.

इथे माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होते. समजा मूळ गाडीत मागच्या चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. दिसायला बरी म्हणून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली आणि स्प्रिंग दुप्पट कडक केली. वाटतं, हिशेब बरोबर जमला. पण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाने वाढते. मूळ स्प्रिंग ८० मिलिमीटरमध्ये चाकाला स्थिर स्थितीपासून जवळपास ८२ ज्यूल झेलू देते, तर दुप्पट कडक स्प्रिंग ४० मिलिमीटरमध्ये फक्त ४१. प्रवास निम्मा केला तर तेवढाच धक्का झेलायला स्प्रिंग चौपट कडक लागते, आणि तशी गाडी रोज चालवता येत नाही. मधला फरक बम्पस्टॉपवर, म्हणजे प्रवास संपल्यावर चाकाला अडवणाऱ्या ठोकळ्यावर जातो. न रंगवलेला गतिरोधक रात्री अचानक समोर आला की मागून जो ठोका ऐकू येतो तो हाच. सरळ रस्त्यावर तो फक्त त्रास देतो. वळणात बसला तर त्या क्षणी मागच्या बाजूचा कडकपणा एकदम अनेक पट होतो, आणि गाडीची शेपटी सुटते.

खाली जायच्या प्रवासाचाही विचार हवा. २४० किलोंच्या भाराने चाकापाशी २५.६ कडकपणाची स्प्रिंग चाकाच्या मापाने ९२ मिलिमीटर दबून उभी असते, दुप्पट कडक स्प्रिंग ४६. चाक खड्ड्यात ४६ मिलिमीटरपेक्षा खाली जायला निघालं की कडक स्प्रिंग सैल पडते आणि आपल्या जागेवरून हलू शकते. म्हणून चांगल्या किटमध्ये मुख्य स्प्रिंगवर एक पातळ मदतीची स्प्रिंग देतात. तिचं काम गाडी पेलायचं नाही, मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवायचं आहे. पैसे वाचवायच्या नादात ती काढून टाकणं परवडत नाही.

कॉलरबद्दलचा एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की तो वेगळा सांगावा लागतो. कॉलर वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं खूप मेकॅनिक मानतात. सरळ वळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेवर, वेढ्यांवर आणि व्यासावर ठरतो, कॉलरवर नाही. कॉलर फिरवल्याने गाडी वर उचलली जाते, आणि वरखाली जायच्या प्रवासाची वाटणी बदलते. ज्या शॉकची खालची पकड नळीवर वेगळी फिरते, त्यात उंची आणि स्प्रिंगचा पूर्वताण स्वतंत्र ठेवता येतो. पैसे खर्चच करायचे असतील तर असे शॉक घ्यावेत. प्रवास प्रत्यक्ष किती लागतो हे पाहायची सोपी युक्ती म्हणजे शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधायचा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसह गाडी फिरवून आणली की टाय किती वर सरकला ते दिसतं. चिखली-मेहकर भागातल्या कुटुंबाची गाडी लग्नसराईत पाच माणसं आणि सामान घेऊन जाते, तेव्हा मागच्या प्रत्येक चाकावर सहज ८० किलो वाढतात. २५.६ च्या कडकपणाला गाडी ३१ मिलिमीटर बसते. हा आकडा हिशेबात न धरता केलेली जुळवणी पहिल्याच लग्नात उघडी पडते.

याच बसण्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबराचे बफर. डिक्कीत सामान टाकूनही गाडी उचललेली राहते, म्हणून ते खपतात. पण रबर ज्या वेढ्यात अडकतं तो वेढा काम करणं थांबवतो. उरलेल्यांवर ताण वाढतो, स्प्रिंग कडक होते, आणि शॉक मात्र तोच राहतो. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं त्याहून वाईट. वेढे कमी झाल्याने कडकपणा वाढतो आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. मागच्या बाजूच्या वजनाशी खेळणारे हे दोन्ही उपाय जुन्या काही गाड्यांत आणखी एका ठिकाणी लागतात. त्यांच्या मागच्या ॲक्सलला जोडलेली ब्रेकची झडप ॲक्सल आणि बॉडीमधलं अंतर पाहून मागच्या चाकांना किती दाब द्यायचा ते ठरवते. बफर घालून बॉडी उंचावली की ती मागे माणसंच नाहीत असं समजते, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो.

पुढची आणि मागची स्प्रिंग एकमेकींशी कशी जुळवायची, यावर दोन मोठ्या परंपरा आहेत. पहिली मॉरिस ओली यांची. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये गेलेल्या या इंजिनिअरने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. कारण साधं आहे. गतिरोधक आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी ४० च्या वेगात असेल तर मागचं चाक ०.२२ सेकंद उशिरा उडतं. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते, आणि गाडी डोकं-शेपूट न आपटता सपाट वरखाली होते. दुसरी परंपरा सर्किटची. तिथे रस्ता गुळगुळीत, शॉक भरपूर दाबणारे, म्हणून ओलीच्या सपाटपणाची गरज कमी पडते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत पुढचं नाक वळणाबाहेर जाऊ नये म्हणून मागची बाजू कडक करतात आणि आतलं मागचं चाक हवेत उचललं तरी चालवून घेतात. चेन्नईच्या सर्किटवर हे पटतं. फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत धावलेला कोल्हापूरचा ध्रुव मोहिते ज्या गाडीत बसला ती गाडी सर्किटच्या डांबरासाठीच लावलेली होती.

राजूर घाटात हा सर्किटचा हिशेब घातक ठरतो. बुलढाणा शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि घाट उतरून मलकापूरकडे जाताना जमीन झपाट्याने खाली येते. उतारावर गाडीचा भार मुळातच पुढे झुकलेला असतो. वळणात शिरून चालकाने घाबरून ॲक्सिलेटर सोडला, की तो आणखी पुढे जातो. मागच्या चाकांवर थोडाच भार उरलेला असतो, त्यात कडक मागची बाजू बाहेरच्या चाकाला सगळा भार देते. समजा तिथे शॉकचा रिबाउंडही, म्हणजे पसरतानाचा विरोध, जास्त ठेवला आहे. मग आतलं चाक खाली पसरायलाच उशीर करतं, रस्त्यात खळगा असेल तर जमिनीला टेकतही नाही. अनुभवी चालक याचा उपयोग करून घेतो. घरच्या माणसांसोबत जाणाऱ्याला हा उपयोग नको असतो. मागची पकड वाढवायची की कमी करायची हे अँटीरोल बारच्या जाडीने ठरवलं, तर सरळ रस्त्यावरच्या धक्क्याला स्प्रिंग मऊ ठेवता येते. माझ्या दृष्टीने आपल्या रस्त्यांसाठी तोच मार्ग शहाणपणाचा.

या दोन्हींपलीकडे तिसरी परंपरा रॅलीची, आणि आपल्या मातीला तीच सगळ्यात जवळची आहे. मोठा प्रवास, स्प्रिंग बेताची, शॉक मात्र दमदार. पाट्यांवर उभी राहणारी मारुती जिप्सी रॅलींमध्ये वर्षानुवर्षं टिकली ती पाट्यांच्या कौतुकामुळे नव्हे. चांगल्या गॅस शॉकनी आणि मिळेल तेवढ्या प्रवासाने तिची चाकं जमिनीवर ठेवली. पिथमपूरला २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या छोट्या गाड्या खडकांवरून उड्या मारतात. त्यांच्या मागच्या कॉइलओव्हरची आखणीही प्रवासापासून होते.

शॉकबद्दल बोलायचं तर आधी त्याचं नातं स्प्रिंगशी समजून घ्यावं लागतं. शॉक किती दाबतो हे क्रिटिकल डॅम्पिंगच्या, म्हणजे हेलकावा होऊच न देणाऱ्या किमान विरोधाच्या, प्रमाणात मोजतात. आरामाची गाडी ०.२ ते ०.३ च्या आसपास, जोरकस गाडी कमी वेगाच्या हालचालीत ०.५ ते ०.७ पर्यंत. आपल्या उदाहरणातला मूळ शॉक ०.२५ चा असेल आणि स्प्रिंग दुप्पट केली, तर तोच शॉक ०.१८ चा होतो. म्हणून कडक स्प्रिंग आणि कंपनीचा शॉक ही जोडी लाटांच्या रस्त्यावर गाडीला झुलवत ठेवते. काळ्या मातीवरच्या लाटा साधारण लांब असतात. १.६ हर्ट्झची मागची बाजू ८० च्या वेगात सुमारे १४ मीटर लांबीच्या लाटेवर सुरात येते, २.३ हर्ट्झची साडेनऊ मीटरवर. त्यातून सुटायचा मार्ग स्प्रिंग बदलण्यात नाही, कारण कोणत्या ना कोणत्या लाटेवर गाडी सापडतेच. शॉकचं कमी वेगाचं डॅम्पिंग तिथे गाडी शांत करतं.

समृद्धीवर वेगळी गोष्ट घडते, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. काँक्रीटच्या रस्त्यात आडवे सांधे आपल्याकडे साधारण साडेचार मीटरवर ठेवतात. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३.३ मीटर जाते, म्हणजे सांधे सेकंदाला सात-साडेसात वेळा चाकाखालून जातात. बॉडीचा हेलकावा दीड-दोन हर्ट्झचा आणि चाकाची स्वतःची थरथर दहा ते पंधरा हर्ट्झची. १२० वर सांध्यांचा ठेका या दोघांच्या मध्ये पडतो. वेग १५० ला गेला की तो ९.३ वर पोहोचतो, चाकाच्या थरथरीच्या अगदी दाराशी. त्या वेगात चाक सांध्यागणिक थोडं थोडं भार सोडतं आणि टायरची पकड विरळ होते. बाहेरून काहीही दिसत नाही, गाडी आतून स्थिरच वाटते. मर्यादा पाळायचं हे एक वेगळं, यांत्रिक कारण आहे, आणि शॉकमध्ये जलद हालचालीचं डॅम्पिंग फार वाढवू नये याचंही. जास्त कॉम्प्रेशनने, म्हणजे दबतानाच्या विरोधाने, प्रत्येक सांधा थेट बॉडीत येतो. शॉकमधल्या झडपा जिथे कमी वेगाला घट्ट आणि जास्त वेगाला मोकळ्या होतात, अशी रचना या रस्त्याला शोभते.

नळीची निवड करताना उन्हाळा विसरू नये. खामगाव-मलकापूर पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि तापलेल्या डांबरावर शॉकचं तेल आणखी तापून पातळ होतं. एक नळी, तरंगता पिस्टन आणि दाबाचा नायट्रोजन असलेला शॉक उष्णता थेट बाहेर टाकतो आणि तेलात फेस येऊ देत नाही. ही कल्पना फ्रेंच संशोधक द कार्बों यांची, आणि बिल्स्टाईनने ती १९५० च्या दशकात मर्सिडीजमध्ये आणली. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो, दगडाने नळी चेपली तरी चालत राहतो, आणि खेड्यातल्या रस्त्यांवर ही छोटी गोष्ट नाही. शॉकच्या कारखानदारीत महाराष्ट्र मागे नाही. गॅब्रिएल इंडियाची सुरुवात १९६१ मध्ये मुलुंडला झाली, आणि वाळूजची एन्ड्युरन्स दुचाकींचे शॉक बनवते. परदेशी किट मागवणाऱ्याने दुरुस्ती कोण करणार हे आधी विचारावं. सील गेल्यावर नवी नळी समुद्रापलीकडून मागवावी लागणं हा किमतीचाच भाग धरायला हवा.

कायद्याची बाजू मोजक्या शब्दांत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर हे कलम ठामपणे लागू केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. किट घेण्याआधी बुलढाण्याच्या, म्हणजे एमएच-२८ च्या, परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणं हाच सरळ रस्ता. स्पर्धेच्या जुळवणीला जागा हवी असेल तर बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला.

इतक्या उत्तरांमधून या जिल्ह्यासाठी काय घ्यायचं? आपल्या उदाहरणातल्या सेडानला मी मागे १.८ हर्ट्झच्या पुढे जाणार नाही. त्यासाठी चाकापाशी ३०.७ चा कडकपणा लागतो, म्हणजे स्प्रिंग ४० ऐवजी ४८ ची. वाढ जेमतेम २० टक्के. उंची मूळच्यापेक्षा १५ मिलिमीटरहून जास्त खाली नको. शॉक लावताना रिबाउंड सर्वांत मऊ टोकापासून सुरू करून एकेक क्लिक वाढवायचा, आणि लाटांवर गाडी एका हेलकाव्यात थांबायला लागली की तिथेच थांबायचं. कॉम्प्रेशनला हात लावायचाच तर शेवटी. दोन्ही बाजूंच्या क्लिक नेहमी सारख्या ठेवाव्यात. बीमच्या गाडीत कॅम्बर आणि टो मुळात ठरलेले असतात, स्वतंत्र मल्टिलिंकवाल्या गाडीत उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लिफ्टवर लटकत्या चाकाने आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, थोड्याच दिवसांत फाटतं. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी बसते, म्हणून उंची तेव्हा पुन्हा मोजावी आणि त्याच फेरीत हेडलाइटही लावून घ्यावेत. मागची बाजू थोडी जरी बसली तरी झोत वर जातो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत पडतो.